बागेत उभी राहिलेली पाहुणी

रसेमाच्या दारात पाहुण्याचे जोडे कधी घराकडे तोंड करून राहिले नाहीत. पाहुणा आत टेकला की ती हळूच वाकून ते बाहेरच्या दिशेनं वळवून ठेवायची, म्हणजे निघताना त्याला नुसते पाय घालायचे. सासूनं लावलेलं वळण. ओलोवो गावाच्या वरच्या डोंगरात ग्लावीचिना नावाची अकरा घरांची वस्ती, त्यातली नांदती चारच. डोंगर तुडवायला येणारे परदेशी पाऊस लागला किंवा पाय सोलले की पहिल्या दिसणाऱ्या धुराड्याकडे वळत, आणि ते धुराडं रसेमाचं असे.

युद्धाच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती नवऱ्याबरोबर झेनित्सा शहरात पळाली होती. सात वर्षं तिनं तिथं धुलाईघरात चादरी पिळल्या. परत आली तेव्हा घराला छप्पर नव्हतं आणि रस्त्यापलीकडच्या बागेला कवटीच्या लाल पाट्या लागल्या होत्या. बाग सासऱ्याची. आलुबुखारची साठ झाडं. लढाईची रेषा बरोबर तिच्यातून गेलेली, आणि कुणी कुठं सुरुंग पेरले याचा नकाशा कुणाकडेच उरला नव्हता.

पुढच्या वर्षी गाय दावं तोडून आत शिरली. स्फोट झाला, पण गाय मेली नाही. ती दुपारपर्यंत हंबरत राहिली. नवरा, साफेत, तिच्याकडे निघाला तेव्हा रसेमानं त्याच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला. तो रडला, तिला नको ते बोलला, पण तिनं सोडलं नाही. सहा वर्षांनी साफेत हृदयविकारानं गेला. तेवढ्या काळात तो बागेकडच्या खिडकीत एकदाही बसला नाही.

बोझेना आली ती युद्ध संपून सोळा वर्षं झाल्यावर, सप्टेंबरात. साठीची, एकटी, पोलंडमधली निवृत्त परिचारिका. टाचेला फोड आले होते. रसेमानं तिला घरातल्या सपाता दिल्या, कोमट पाण्याचं घमेलं दिलं आणि तांब्याच्या भांड्यात कॉफी चढवली. दोघींच्या भाषा लांबच्या बहिणी. तीन शब्दांतला एक कळायचा, बाकीचं हातांनी. बोझेनानं कॉफी पाण्यासारखी घटाघट प्यायली, तशी रसेमानं तिचा हात धरून खाली आणला. साखरेचा खडा कॉफीत बुडवून दातांखाली धरायचा आणि मग घोट घ्यायचा, हे करून दाखवलं. "सावकाश," ती म्हणाली. "पळून जायचंय का तुला?"

शेजारचा अवदो पाहुणीला बघायला आलाच. सत्तरीचा, जिभेला हाड नसलेला. जाताना बोझेनाला खुणा करत म्हणाला, "रिकाम्या हातानं आलीस ना? आमच्यात म्हण आहे, रिकाम्या हातानं येणाऱ्याला सासू देखणी मिळत नाही."

"अरे, तोंड आवर," रसेमा म्हणाली. पण हसली. बोझेनाला रिकाम्या हातांचं तेवढं कळलं. ती लाजून लाल झाली.

पाट्यांबद्दल रसेमा त्या संध्याकाळी काहीच बोलली नाही. पाहुणा घरात आला, त्याच्या पानात अजून भाकरी आहे, तेव्हा सुरुंगांचा शब्द काढायचा नसतो. सकाळी बोझेना फिरायला निघाली, तेव्हा रसेमानं रस्त्याकडे बोट दाखवून एवढंच सांगितलं, "फक्त रस्त्यानं. इकडे तिकडे नाही." बोझेनानं मान डोलावली. रसेमानं त्या मानेवर विश्वास ठेवला.

दहाच्या सुमारास ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. सहज वर पाहिलं तर बागेच्या मधोमध बोझेना. गुडघाभर गवतात उभी, टोपी काढून त्यात आलुबुखार भरत होती. ओढ्याच्या बाजूनं वर चढली होती; तिकडची पाटी हिवाळ्यातल्या बर्फानं कधीच आडवी झालेली. रसेमाला पाहून तिनं टोपी उंचावून दाखवली आणि तिच्याकडे यायला पाऊल उचललं.

"स्तोय!" रसेमा ओरडली. थांब. हा शब्द दोघींच्या भाषेत जवळपास एकच. बोझेनाचा पाय जागच्या जागी खाली आला. मग तिची नजर कुंपणाकडे गेली, तिथली पाटी पाठमोरी होती, तरी तिला कळलं. टोपी हातातून सुटली.

रसेमाचे पाय आपोआप पुढं निघाले. कुंपणाच्या तारेपर्यंत ती गेली आणि तिथं अवदोनं मागून तिचा दंड पकडला.

"सोड. माझी पाहुणी आहे ती."

"म्हणून तू तिच्याजवळ जाऊन मरणार? मी फोन लावतो. सुरुंग काढणारी तुकडी येईल. रसेमा, माझ्याकडे बघ. साफेतला तू सोडलं होतंस का?"

ती तारेपाशी खाली बसली. तुकडी दीड तासाच्या वाटेवर होती. तिच्यापासून तीस पावलांवर बोझेना ताठ उभी. बसावंसं वाटणार, बूड टेकावंसं वाटणार, हे रसेमाला दिसत होतं. पाहुण्याला एकटं टाकायचं नसतं, म्हणून ती उठली नाही. नजर हलवू दिली नाही. "माझ्याकडे बघ. पायाकडे नाही." आणि ती बोलत राहिली. चादरींबद्दल, सासूबद्दल, कोंबडीनं अंडी चुलीमागं घातली त्याबद्दल. बोझेनाला त्यातलं काय कळलं कोण जाणे. मधेच ती पोलिश भाषेत काहीतरी पुटपुटू लागली, बहुधा प्रार्थना. रसेमानं आपली सुरू केली. दोघी एकदमच पुटपुटत राहिल्या. अवदो तुकडीच्या वाटेकडे डोळे लावून उभा होता.

तुकडीचा म्होरक्या नेनाद, पन्नाशीचा, करड्या दाढीचा. त्यानं काही विचारलं नाही. पोटावर झोपला आणि लोखंडी सळई जमिनीत तिरकी खुपसत, बोटाबोटानं पुढं सरकत गेला. तीस पावलांना तीन तास लागले. तिच्याजवळ पोचता पोचता तो थांबला, हात वर केला. बोझेनाच्या डाव्या घोट्यापासून वीतभर अंतरावर गवतात सुरुंगाची एक गंजलेली तार ताणलेली होती. नेनाद तिला म्हणाला, "बाई, उजवा पाय. माझा हात आहे तिथं. फक्त तिथं."

ती बाहेर आली आणि कुंपणापाशी बसकण मारली. रसेमानं तिला घट्ट धरलं, मग पाठीवर एक जोरात चापट मारली, मग पुन्हा धरलं. "तुझ्यासाठीच," बोझेना रडत म्हणत होती, बागेकडे हात करून. "तुझ्यासाठी." तिच्या खिशातून दोन आलुबुखार निघाले. रसेमाला तेव्हा घाव बसला. आपण पाहुणीची भाकरी गोड राहावी म्हणून गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्यानंच हिला सुरुंगाच्या तारेपर्यंत नेलं.

कॉफीशिवाय कुणाला जाऊ देणं शक्य नव्हतं. नेनाद दारात बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. "राहू दे रे," रसेमा म्हणाली. "मातीचं घर आहे."

"तुझं घर आहे," तो म्हणाला आणि बूट काढले. मोज्याला भोक होतं.

नावावरून तो युद्धातल्या दुसऱ्या बाजूचा हे तिला कळलंच होतं. त्या वर्षांत कोण कुठं होता हे तिकडे कुणी कुणाला विचारत नाही, आणि तिनंही विचारलं नाही. तिनं आधी त्याच्या वाटीत कॉफीवरचा फेस घातला, मग वरून कॉफी ओतली. दोन घोट झाल्यावर तोच बोलला.

"ब्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात मी समोरच्या कड्यावर होतो."

बोझेना एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली. अवदोनं टोपी गुडघ्यावर ठेवली.

"मग माझं छप्पर दिसत असेल तुला," रसेमा म्हणाली.

"दिसायचं."

"जळतानाही?"

"जळतानाही." तो खाली बघत होता. "ती तार आमची नव्हती. पण आमच्याही असतील आत. म्हणून हे काम घेतलं असं नाही सांगत. काम नव्हतं, म्हणून घेतलं. पण आता दुसरं करवत नाही."

तिच्या हातात कॉफीचं भांडं होतं. ते त्याच्या अंगावर फेकावं की काय, असं एका क्षणी तिला वाटलं. हे तिनं नंतर अवदोला सांगितलं. मग तिला त्याची नखं दिसली, खाली अजून बागेची माती असलेली. तिनं त्याची वाटी पुन्हा भरली.

"ती बाग कधी मोकळी करशील?" तिनं विचारलं.

"वरून मंजुरी आणावी लागेल. अर्ज तुला करावा लागेल."

"लिहून दे. सही मी करते."

बोझेना आणखी चार दिवस राहिली. दुसऱ्या दिवसापासून रसेमा प्रत्येक पाहुण्याला पहिल्या कॉफीच्या आधी, जोडे काढायच्याही आधी, कुंपणापाशी नेऊन पाटी दाखवू लागली. अवदो म्हणाला, "असं स्वागत कुणी करतं का?" ती म्हणाली, "मी करते."

मंजुरी यायला दोन हिवाळे गेले. नेनादच्या माणसांनी आठ सुरुंग काढले, सतरा झाडं तोडावी लागली. काम संपल्याचा कागद हातात देऊन नेनाद बागेच्या तोंडाशी उभा राहिला, वाट सोडून. रसेमा आत गेली. गवत कापलेलं होतं, जमीन ओली होती. नेनादनं खुंट्या मारून आखलेल्या वाटेवरून ती चालत होती आणि प्रत्येक पावलाला आधी पायाची बोटं टेकवत होती. त्या दिवशी ती झाडांच्या दुसऱ्या ओळीपर्यंतच जाऊ शकली.