आत्याचं क्षमस्व

आमची आत्या दिवसभर बोलते, म्हणून घरी बोलत नाही. बसस्थानकाच्या कोपऱ्यात काचेची एक खोली आहे. तिथे माइकपुढे बसून ती गाड्यांच्या घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुठली रद्द, कुणाचं पोर हरवलंय, कुणाची छत्री सापडलीय. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई आत्ताच भरपूर झोपून उठलीय आणि सगळ्या जगावर खूश आहे. खरं तर त्या वेळी तिने चपला काढून पाय स्टुलावर टाकलेले असतात आणि एका हाताने ती कपाळ दाबत असते.

घरी आली की तो आवाज कुलपात. मग नुसत्या खुणा. एक बोट वर म्हणजे चहा. दोन बोटं म्हणजे चहा नको, पंखा लावा. पंजा हलवला म्हणजे आता कुणी काही विचारू नका. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, या भाषेत तरबेज झालेत. आमच्याकडे भांडण झालं तरी शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही, असं ते मोठ्या अभिमानाने सांगतात.

घरांच्या रांगेमागून ओढा जातो आणि ओढ्याच्या काठाला गल्लीची विहीर आहे. वरच्या अंगाला एकाने पिंपं धुवायचा धंदा टाकला. कारखान्यांतून रिकामी झालेली पिंपं आणायची, आत काय होतं ते विचारायचं नाही, धुवायची आणि विकायची. धुवण पाइपातून थेट ओढ्यात. दुपारची जेवणं आटोपली की ओढा कधी निळा व्हायचा, कधी नुसता फेस. हळूहळू विहिरीवर तवंग आला. चूळ भरली तरी जीभ बधिर व्हायला लागली. आत्याची स्वयंपाकघराची खिडकी बंद झाली ती झालीच.

मग पिण्याचं पाणी पलीकडच्या वस्तीतून आणणं आलं. दिवसभर बोलून दमलेली आत्या दोन्ही हातांत कॅन घेऊन घरी यायला लागली. त्यामुळे खुणाही बंद पडल्या.

गल्लीने तक्रारी केल्या नाहीत असं नाही. शिवणाचं दुकान चालवणाऱ्या टेलरकाकूंनी तर परवाने देणाऱ्या कार्यालयाला फोन करकरून तिथल्या माणसाचा खोकलासुद्धा ओळखायला सुरुवात केली होती. "पाठवतो हं माणूस," असं तो गाणं म्हटल्यासारखं म्हणायचा. माणूस यायचा तो सकाळी. सकाळी ओढा अगदी शहाण्या मुलासारखा वाहत असायचा. माणूस नाक वर करून हुंगायचा आणि विचारायचा, कुठे येतोय वास? दुपारी या, असं काकूंनी म्हटलं तर दुपारी त्याचं जेवण असायचं.

पिंपवाल्याचा परवाना संपत आला, तेव्हा कळलं की नव्या परवान्याआधी सुनावणी असते आणि तिथे रहिवाशांना बोलता येतं. बोलायचं कुणी, यावर गल्लीत चर्चा झालीच नाही. सगळ्यांनी वळून आत्याकडे पाहिलं. तिने पंजा हलवला. पण तो अर्थ फक्त काकांना कळत होता, आणि काका नेमके तेव्हा चप्पल शोधत होते.

टेलरकाकू म्हणाल्या, "आम्ही तोंड उघडलं की भांडण वाटतं. तू बोललीस की बातमी वाटते."

आत्या कामावरून परस्पर सुनावणीला गेली. डोळे लाल, केस विस्कटलेले. पण समोर माइक दिसला आणि तिची पाठ आपोआप ताठ झाली. पाइप कुठे आहे, पाणी कधी सोडतात, कुणाच्या हातांना चट्टे उठलेत, सगळं तिने स्वच्छ सांगितलं. सवयीने प्रत्येक वाक्य दोनदा सांगितलं. सुनावणी घेणारे साहेब कपात बिस्कीट बुडवायचं विसरून ऐकत राहिले. आणि शेवटी, त्याच प्रसन्न आवाजात, आत्या म्हणाली, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. धन्यवाद."

इतकी वर्षं उशिराची घोषणा या शेपटाशिवाय तिच्या तोंडून कधी बाहेर पडलेली नाही. ही तक्रारही पडली नाही.

पिंपवाल्याने संधी सोडली नाही. उठून हात जोडले. ताईंनी एवढ्या मोठ्या मनाने माफी मागितली, आता माझ्याही मनात काही नाही, असं डोळे टिपत बोलला. साहेबांना कुठलंही प्रकरण मिटलं की बरंच वाटायचं. ताईंनी क्षमस्व म्हटलं, आपसात मिटलं, असं त्यांनी लिहून टाकलं. काय लिहिलं ते वाचून दाखवा, असं म्हणायचं कुणाला सुचलं नाही. जो तो चपला शोधत होता.

नंतर गल्लीने आत्याला सोडलं नाही. आज कुणाची माफी मागायची राहिलीय का, असं पाण्याच्या वाटेवर लोक विचारायचे. टेलरकाकूंनी बोलणं टाकलं. आत्या तर आधीच बोलत नव्हती, त्यामुळे अबोला कुणी धरलाय तेच कळेना. ती मान खाली घालून कॅन भरायची, ओढायची, घरी आणून ठेवायची आणि भिंतीला टेकून बसायची.

एका संध्याकाळी ती अशीच बसली होती. काकांनी चहाच्या बोटाची वाट पाहिली. बोट वर झालं नाही. ती तोंडाने म्हणाली, "मी परत बोलणार आहे." काका इतके दचकले की त्यांनी पंखाही लावला आणि चहाही ठेवला.

मग सुट्टीचे दिवस साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर गेले. पहिल्या खेपेला साहेब भेटले नाहीत. दुसऱ्या खेपेला बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेलरकाकू येऊन बसल्या, काही न बोलता, हातात हातशिलाईला घेतलेला कुणाचा तरी ब्लाउज. साहेब म्हणाले, तुमचं बोलून झालंय. आत्याने मागचं लिहिलेलं वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचलं. हे मी बोलले, पण हे माझं म्हणणं नाही, असं ती म्हणाली आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली. शेवटी त्या बाकाला कंटाळून साहेबांनी तिला परवान्याच्या शेवटच्या सुनावणीत वेळ दिली. त्यानंतर परवाना मिळाला असता, तर कॅन जन्माला पुरले असते.

या खेपेला आत्याने माइक बाजूला सारला. आवाज घरचा निघाला, बसलेला, खरखरीत. मागचे लोक खुर्च्या पुढे ओढून ऐकायला लागले.

"मी दिवसभर लोकांची माफी मागते," ती म्हणाली. "त्यातली एकही चूक माझी नसते. ही पण माझी नाही. मागचं क्षमस्व मी परत घेते. आम्हाला विहिरीचं पाणी प्यायचंय. साहेब, तुम्ही दुपारी या, जेवण झाल्यावर. न कळवता."

पिंपवाला गोड हसून म्हणाला, "ताई, मागच्या वेळी तर तुम्ही—"

"मागच्या वेळी माझी ड्यूटी बोलली," आत्या म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "आता लिहिलंत ते वाचून दाखवा. मग मी बसते."

साहेबांनी वाचलं. त्यात 'किंचित वास' असं होतं. आत्या उभीच राहिली. साहेबांनी 'किंचित' खोडलं, पुन्हा वाचलं, तेव्हा ती बसली.

साहेब दुपारी आले. ओढ्याजवळ पोचायच्या आधीच त्यांचा रुमाल नाकाला लागला. पाइपाच्या तोंडाला सील लागलं, आणि धुवण साठवायची टाकी बांधून दाखवेपर्यंत परवाना अडकला. विहीर उपसायची आहे. पाणी प्यायला कधी होईल ते कुणी सांगत नाही. तोवर कॅन आहेतच.

त्या रात्री जेवणानंतर आत्याने खिडकीकडे बोट केलं. ही खूण काकांना नवीन होती. जरा वेळ विचार करून त्यांनी कडी काढली. खिडकीची गंजलेली झडप अर्धीच उघडली. वास आत आला.

"अजून येतोय," काका म्हणाले.

आत्याने तो नाकात ओढून घेतला. मग हळूच म्हणाली, "शिळा आहे. असू दे उघडी."

आणि पंजा हलवून भिंतीकडे तोंड करून झोपली.