जावेवर घातलेला आळ

आयुष्यभर मी इतरांविरुद्ध अर्ज लिहिले. हे मात्र कोणत्याही अर्जात आले नाही — पत्नीलाही ठाऊक नाही.

वाशीमला मी समुपदेशन मानसशास्त्र शिकवले. श्रद्धा दुःखात माणसाला कसा आधार देते, हा माझ्या संशोधनाचा विषय. सल्ल्यासाठी आलेल्याचे बोलणे बाहेर फोडणाऱ्या एका सहकाऱ्याविरुद्ध मी विद्यापीठाकडे इतकी पत्रे धाडली, की अखेर त्याने नोकरी सोडली. त्याची आजही चीड येते. पण चिडण्याचा तो अधिकार मला होता काय?

अनसिंगकडच्या एका वस्तीवर शेवंता नावाची बाई राहत असे. मंगळवारी तिच्या अंगात देवी येई. बाया कौल मागायला जमत. तिची देवी नारळ नव्हे, वाटीभर ताक मागे. संशोधनासाठी मी तिच्याकडे जात असे. गोपनीयतेची हमी मीच दिली, तेव्हा ती म्हणाली, "देवी-बिवी काई येत नाई, सर. पन तिच्या भेवानं नवरा हात नाई उचलत. माह्या जावेले ठाऊक हाये, अन् आता तुमाले. ताक आवडते मले, म्हून मांगतो."

आम्ही दोघेही हसलो.

पुढे रिसोडला माझे व्याख्यान झाले. मी तिचे नाव बदलले, गाव बदलले — नियम पाळला, असे स्वतःला बजावले. ताक तेवढे ठेवले. कशासाठी? सभागृह हसावे म्हणून. ते हसले. श्रोत्यांत तिच्या वस्तीवरचे एक मास्तर होते. ताकावरून त्यांनी ओळखले, आणि कुठे ऐकले ते न सांगता वस्तीवर बोलून गेले.

त्यानंतर ती मला अनसिंगच्या बसथांब्यावर भेटली. डोळ्याखाली काळेनिळे झाले होते.

"सर, तुमी कोठी बोलले काय? दोघायलेच ठाऊक होतं."

खरे सांगायला एक वाक्य पुरेसे होते. मी म्हणालो, "आमच्या शास्त्रात तो अपराध आहे, बाई. जावेला विचारा."

"ते असं नाई करनार, सर."

"जवळचीच माणसे करतात." — हे मी शांतपणे म्हणालो, दुखावलेल्या माणसाशी बोलण्याचा जो आवाज मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे, त्याच आवाजात. तिने पटल्यासारखी मान डोलावली.

ही जाऊ कोण होती? देवी येण्याआधीच्या काळात, शेवंताच्या नवऱ्याचा हात उठला की चुलीवरची भाकर टाकून मध्ये उभी राहणारी बाई. ती शपथा घेत राहिली. शेवंताने ऐकले नाही. चुली वेगळ्या झाल्या, अंगणाच्या मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. आता देवीचा धाक उरला नव्हता, आणि मार पडताना मध्ये येणारेही कोणी नव्हते. हे मला मास्तरांनीच सांगितले. जावेचा संशय शेवंताच्या मनात कोणी घातला, हे मात्र त्यांना कळले नव्हते. मी "अरेरे" म्हणालो.

अज्ञानाने घडले, असे मला म्हणता येणार नाही. व्याख्यानात हाव होती. थांब्यावर मात्र मी शुद्धीवर होतो, शब्द निवडून बोललो.

दोघी अजून तिथेच राहतात. वस्तीचा रस्ता मला तोंडपाठ आहे. मी गेलेलो नाही.