लेकीचं पत्र आधी मला

लेक सिंगापूरला गेली तेव्हा म्हणाली, आता पोस्टाचं पत्र नको, कॉम्प्युटरवर पाठवीन, त्याच दिवशी पोचेल. पोचायचं त्याच दिवशी. फक्त माझ्या हातात यायच्या आधी अर्ध्या गावाने ते ऐकलेलं असायचं.

आमचं गाव घणसोलीजवळ, ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून. शेतं सरकारने घेतली. उरलेल्या जागेवर आम्ही खोल्या बांधून भाडेकरू ठेवले. खालच्या एका गाळ्यात माझ्या पुतण्याने, थोरल्या जावेच्या मुलाने, कॉम्प्युटरचं दुकान काढलं. लेकीचं पत्र त्याच्या दुकानात यायचं. भाषा मराठी, पण अक्षरं इंग्रजी. मी चौथी शिकलेली, तीही मराठी शाळेत. मग पुतण्या ते कागदावर छापायचा आणि ओट्यावर उभा राहून मोठ्याने वाचायचा. मी मासळी साफ करता करता ऐकायची. जाऊ ऐकायची, भाडेकरणी ऐकायच्या, बोंबील विकायला आलेली बाई टोपली उतरवून ऐकायची. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. एकदा मी म्हटलं, "हलू वाच रे." तर म्हणाला, "काकी, आपलीच पोर हाय. तिचं काय लपवायचं?"

लेकीला दिवस गेले हे मला जावेकडून कळलं. मी बाजारातून आले तर ती दारात नारळ घेऊन उभी. "आजी झालीस गो!" संध्याकाळच्या आत बातमी उरणला, लेकीच्या सासरी पोचली. सासूने नवस बोलला आणि फोन करून लेकीला सांगितलं की जिना चढू नको, पपई खाऊ नको, डाव्या कुशीवर झोप. गावातल्या बायका मला नळावर विचारायच्या, कितवा लागला?

तिसऱ्या महिन्यात ते गेलं. तेही पत्र ओट्यावरच वाचलं गेलं. पुतण्या मध्येच थांबला आणि कागद माझ्या हातात दिला, एवढं त्याला कळलं. पण तोपर्यंत बायकांचे पदर डोळ्यांना लागले होते. मग घरात माणसांची रीघ. एकीने भगताचं नाव सुचवलं, दुसरी त्याच्याकडे जाऊन अंगारा घेऊनच आली. दुकानातून कोणीतरी परस्पर लेकीला कळवलंसुद्धा, की कोणाची दृष्ट लागली ते आम्ही बघून घेतो, तू काळजी करू नको.

त्यानंतर तिची पत्रं येत राहिली, पण त्यांत काही नसायचं. मी बरी आहे. तू रक्तदाबाच्या गोळ्या घेतेस ना? इथे आंबे मिळतात पण गोड नसतात. पुतण्या वाचून संपवायचा आणि कागद उलटा करून बघायचा, मागे काही आहे का म्हणून. मी मनाला लावून घेणारी बाई नाही. पण पोरगी मला सांगायची बंद झाली, हे मला आंब्यांवरून कळलं.

पुढे ती महिनाभराच्या सुट्टीवर आली. आम्ही दोघी मागच्या दारी वाल सोलत बसलो होतो. मी सरळ विचारलं, "माज्याशी बोलत का नाय?"

"बोलते की."

"आंब्यांचं बोलतेस."

तिने हातातला वाल सोलून ताटात टाकला. मग म्हणाली, "आये, तुला लिहिलं की गावाला लिहिलं. आम्हाला परत मूल हवंय. पण परत तसंच झालं, तर ते सगळं मला पुन्हा नको. नारळ नको, अंगारा नको. त्यापेक्षा मी कोणालाच सांगणार नाही."

"माना पन नाय?"

"तुला सांगायला वाट कुठे आहे?"

खरंच नव्हती. घरी फोन बसवला होता, पण तो ओसरीवर, आणि आमच्या गावात ओसरीचं दार उघडंच. दिवसा दार लावलं की लोक विचारायला येतात, कोन आजारी हाय? परदेशच्या फोनवर ओरडून बोलावं लागतं. मी ओरडले असते आणि पलीकडच्या आळीतून उत्तर आलं असतं.

लेक कॉम्प्युटरचंच काम करणारी. म्हणाली, तू वाचायला शिक, बाकीचं मी करते. तिने कोणाकडून तरी वापरलेला कॉम्प्युटर आणून आतल्या खोलीत ठेवला, फोनची तार ओढून त्याला जोडली आणि मला इंग्रजी अक्षरं शिकवायला बसली. साठीला आलेल्या बाईला. मी चुकले की ती माझ्या मास्तरांसारखी बोटाने टेबल ठोकायची. जाऊ डोकावून म्हणाली, "आता काय मडम होतेस कं?" मी म्हटलं, "झाले तर तुना पगारावर ठेवीन."

अक्षरं आल्यावर तिने कुलपाचं समजावलं. नुसतं पत्र पाठवलं तर वाटेत दहा जण उघडून बघू शकतात, ते पोस्टकार्डच. म्हणून एक प्रोग्राम होता. मला तो कळला कारण मी खोल्यांची मालकीण, जन्म कुलपांत गेला. समजा मी माझी उघडी कुलपं लोकांना वाटली. ज्याला मला काही पाठवायचं, त्याने पेटीत घालावं, माझं कुलूप लावावं आणि दाबावं. एकदा दाबलं की त्यालाही उघडता येत नाही. चावी एकच, ती माझ्या कमरेला. पेटी कोणाच्याही दुकानातून येवो, कोणाच्याही हातून जावो. लेकीकडेही तिची तशीच चावी. मधे साहेब नाही, पोस्टमन नाही, पुतण्या नाही. हे मला फार आवडलं. आमची जमीन गेली तेव्हा तिची कागदपत्रं सतरा कचेऱ्यांत होती आणि आमच्याकडे एकही नव्हतं.

खरी चावी कॉम्प्युटरच्या आतच राहायची, म्हणून तिलाही एक गुपित शब्द लावायचा होता, तो टाकला तरच ती फिरायची. लेक म्हणाली, तू ठरव, मलाही सांगू नकोस. मी डोळे मिटले, हात जोडले आणि डोंगरावरच्या आमच्या कुलदेवीचं नाव टाकलं. तिच्याहून मोठा राखणदार कोण?

लेक परत गेली. पहिलं कुलूपबंद पत्र आलं ते सुक्या जवळ्याबद्दल, तिकडे न्यायचा राहिला म्हणून. मी ते एका बैठकीत वाचलं. दुसऱ्या दिवशी तार लागेना म्हणून पुतण्याला बोलावलं. त्याने तार लावली, कुलूप लागलेल्या पत्राचं गिचमिड बघितलं आणि हसला. म्हणाला, "काकी, तुजा शब्द सांगू?" आणि टाइप केला. जवळा उघडला.

"तुना कोनी सांगला?"

"सांगायला कशाला पायजे? दुकानात येतात त्या सगल्यांचा तोच हाय. देवी एकच, शब्द एकच. मी तर विचारत पन नाय, टाकून देतो."

देवीचा दोष नाही. ती सगळ्या गावाची आहे, हाच दोष. मी पुतण्याला चहा पाजून घालवलं आणि विचार करत बसले, की माझं असं काय आहे जे गावाला माहीत नाही? मुलांची नावं माहीत. नवऱ्याचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, पण गाव घेतंच. शेतांची नावं माहीत. मी कधी पडले, कधी भांडले, कोणत्या बाळंतपणात किती ओरडले, सगळं माहीत. साठ वर्षांची बाई आणि स्वतःची म्हणावी अशी एक गोष्ट सापडेना.

मग सापडली. माझी सासू जिवंत होती तोवर रोज सकाळी चूल पेटवताना मी तिला मनातल्या मनात एक वाक्य म्हणायची. चांगलं लांब वाक्य होतं. ओठ कधी हलवले नाहीत. ते मी चावीला लावलं. लेकीने बदलायची रीत लिहून ठेवली होती, तरी मला अख्खी दुपार लागली. वाक्य काय होतं ते इथे लिहिणार नाही. अजून तेच आहे.

मी लेकीला कळवलं की शब्द बदलला आणि का बदलला. तिने उत्तरात नुसतं हसल्याचं लिहिलं. मग बरेच दिवस पुन्हा आंबेच. मी धीर सोडला होता. आणि एका सकाळी पत्र आलं, तीन ओळींचं. दिवस राहिलेत. यांना माहीत आहे आणि तुला. बस.

मी उठले, भाडेकरणीची टाकी भरून वाहत होती ती बंद केली, परत येऊन पुन्हा वाचलं. तेच लिहिलं होतं.

त्यानंतर गप्प राहणं हे माझं काम झालं. जाऊ विचारायची, "तुजी पोर काय लिवते गो?"

"बरी हाय."

"येवड्या मोठ्या मशिनीत बरी हाय येवडंच मावतं?"

"जुनी हाय मशीन."

चौथ्या महिन्यात एकदा लिहून आलं की रक्त दिसलंय, डॉक्टर पडून राहा म्हणतात, आये मला भीती वाटते. मी एकेक अक्षर लावत वाचत होते, आणि रक्त या शब्दापाशी आल्यावर पुढचं वाचायला बोट सरकेना. मी उठून ओसरीचं दार लावलं. भर दिवसा. लगेच जाऊ हजर. "कोन आजारी हाय?"

"मीच. पोट दुखतंय."

तिने ओवा आणून दिला. मी तो तिच्यासमोर चावून खाल्ला, ती गेल्यावर आत जाऊन एका बोटाने लिहिलं: पडून राहा. मी कोणाला सांगितलेलं नाही. गेलं तरी तू माझी आहेसच, राहिलं तर बरंच. उद्या लिही. एवढं लिहीपर्यंत ओवा जिरला. पण या वेळी नवस नव्हता, अंगारा नव्हता, तिला कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं. ती फक्त घाबरली होती, आणि तेवढंच माझ्यापर्यंत आलं होतं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, थांबलंय. मी देवीला नारळ फोडला, का ते तिलाही सांगितलं नाही.

सातव्या महिन्यात लेकीने लिहिलं, आता सांग. मी जावेला सांगितलं. ती बसलीच. "सात म्हयने! आमी काय परक्या?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी दुपट्यांसाठी जुनी लुगडी घेऊन आली.

नात झाली. गावात पेढे वाटले, उरणहून सासू आली, पुतण्याने बाळाचा फोटो मोठा छापून दुकानात लावला. फोटो सगळ्यांचा, मला त्याचं काही नाही. मला कुलपातलं पत्र वेगळं आलं होतं. हे मी लेकीला विचारून लिहिते आहे. तिने लिहिलं होतं, सगळे विचारतात आनंद झाला का. मला नुसती झोप हवी आहे. ती रडली की मला तिचा राग येतो. मी वाईट आई आहे का? कोणाला सांगू नको.

मी लिहिलं, मलाही तुझा राग यायचा. तिच्या बापाकडे दे आणि झोप.