टेबलावरचं पिस्तूल

अबू धाबीतल्या मुसफ्फाह औद्योगिक भागातल्या एका कंपनीत मी एचआर सांभाळत होते. नवे मॅनेजर आले आणि काही आठवड्यांत त्यांच्या टेबलावर एक काळं पिस्तूल दिसू लागलं. ते कागदांवर पेपरवेटसारखं पडलेलं असे. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. फक्त त्या केबिनमध्ये सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येऊ लागले.

आमची अकाउंटंट वसईची. एका दुपारी ती रजा मागायला आत गेली. बाहेर धुळीचं वादळ होतं, काचा पिवळ्या झाल्या होत्या. ती बाहेर आली ती थेट माझ्या टेबलाशी.

"ताई, मी बोलत होते आणि ते एका बोटाने पिस्तूल गोल फिरवत होते. सावकाश. ते थांबलं तेव्हा नळीचं तोंड माझ्याकडे होतं. मग हसून म्हणाले, रजा मंजूर."

"खरं असेल का गं ते?"

"तेच तर कळत नाही. मी परत आत जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने फाइल आत न्यायला नकार दिला. मॅनेजरांनी मला बोलावलं. "वॉर्निंग लेटर काढा. इनसबऑर्डिनेशन." बोलताना त्यांची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या मागच्या भिंतीवर कुठेतरी होती.

मी जागेवर येऊन कंपनीची पॉलिसी चाळली. सिगारेट, कपडे, मोबाइल, सगळ्यांवर नियम होते. हत्यारावर एक ओळ नव्हती. या देशात असं काही लिहावं लागेल, हे कुणाच्या मनातही आलं नसणार. मग कामगार कायदा उघडला. जिवाला गंभीर धोका आहे हे मालकाला माहीत असून त्याने काही केलं नाही, तर कर्मचारी नोटीस न देता नोकरी सोडू शकतो. म्हणजे आधी मालकाला कळायला हवं होतं. वॉर्निंग लेटर न काढता मी मालकांना फोन केला.

मालक इथलेच, अमिराती, वयस्कर. संध्याकाळी आले आणि मला घेऊन थेट केबिनमध्ये गेले.

"टॉय है, सर," मॅनेजर म्हणाले.

मालकांनी ते उचललं, तळहातावर तोललं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी ते अलगद खाली ठेवलं, अरबीत "खलास", बस झालं, एवढंच म्हणाले आणि आम्हा दोघांना बाहेर काढून पोलिसांना बोलावलं.

मॅनेजर परत दिसले नाहीत. पिस्तूल खरं होतं की नाही, हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. अकाउंटंटला मालकांनी थांबायला सांगितलं, पण ती राहिली नाही. तिला शारजाच्या रोल्ला भागात नोकरी मिळाली. मी पॉलिसीत हत्यारबंदीचं कलम घातलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

नंतर आलेल्या मॅनेजर बाई फार प्रेमळ होत्या. त्याच केबिनमधल्या पहिल्याच मीटिंगला त्यांनी विचारलं, "तुम्ही सगळे टेबलापासून इतके लांब, भिंतीला टेकून का उभे आहात? खुर्च्या आहेत ना."

तोवर आमच्या ते लक्षातच आलं नव्हतं.