नसीमताईंचे एकतीस बिल्ले

मी एकदा एका बाईला खोटं ठरवलं, तेही कॉम्प्युटरला साक्षीदार करून.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली, म्हणजे अक्कल यायची होती. आकडेवारीचे प्रोग्राम लिहायची एक भाषा नुकतीच शिकले होते. ऑफिसात ती एकट्या मलाच यायची, त्यामुळे मान ताठ. वर डोकंही लागतं, हे नंतर कळलं.

काम जनावरांच्या बिल्ल्यांचं. गाई-म्हशींच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला मारतात. मारणारे वहीत लिहितात: अमुक गाव, या नंबरापासून या नंबरापर्यंत. अशा सलग तुकड्याला आम्ही रेंज म्हणतो. मी काय केलं, तर जिल्ह्यातली प्रत्येक रेंज फोडून एकेक नंबर सुटा केला. पोती मोजायची होती, मी ज्वारी अंगणात ओतली. मेमरी भरली, कॉम्प्युटर दोनदा बसला. तिसऱ्यांदा दुबार नंबरांची यादी आली. पाटोद्याकडे कंत्राटावर बिल्ले मारणाऱ्या नसीमताईंचे एकतीस नंबर दोन-दोनदा. ती मी तशीच साहेबांपुढे ठेवली.

"एक बिल्ला दोन म्हशींना? बंद करा बाईचं कंत्राट."

नसीमताई वही घेऊन आल्या. "साहेब, एका नंबरचा बिल्ला एकच येतो. दुसरा कुठून आणू मी?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

"सोमवारपर्यंत थांबा साहेब," मी म्हणाले.

"सोमवारी मी सही करणार."

या वेळी नंबर सुटे केले नाहीत. रेंजमागे दोनच आकडे ठेवले, सुरुवात आणि शेवट. सुरुवातीप्रमाणे रांग लावली आणि एवढंच तपासलं, की पुढची रेंज मागचीच्या पोटात शिरते का. काम चुटकीसरशी झालं. नसीमताईंची गावं बत्तीस, म्हणजे सांधे एकतीस. प्रत्येक सांध्यावर बरोबर एकच नंबर सामाईक. सुट्या नंबरांच्या ढिगात हे मला दिसलंच नव्हतं. लबाडी काही इतकी मापात होत नाही.

मग वही उघडली. 'शेवट'च्या रकान्यात त्या मारलेला शेवटचा नंबर लिहीतच नव्हत्या. पाकिटात वर राहिलेला पुढचा नंबर लिहायच्या, दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं ते दिसावं म्हणून. त्यांच्या प्रत्येक शेवटातून एक वजा केला. सगळे सांधे एकमेकांना चिकटून बसले. ना दुबार, ना मध्ये खड्डा. जिल्ह्यात इतकी स्वच्छ वही दुसरी नव्हती.

साहेबांनी कंत्राट बंद करायचा कागद फाडला. माझा तो प्रोग्राम ऑफिसात अजून चालतो. हे मी पाहुण्यांना चहाआधीच सांगते.

माफी मागायला पाटोद्याला गेले. नसीमताईंनी पेरू कापून दिला, मीठ लावून. मला दोन फोडी खाऊ दिल्या. मग म्हणाल्या,

"बाई, वही लिहिली मी. अन् तुमी इचारलं मशीनला. कावून?"