मी चीन, ती अमेरिका

नववीत असताना मी महिनाभर चीन होते. हे सांगितलं की लोक हसतात. मी हसू देते, पुढचं ऐकलं की ते आपोआप थांबतात.

दुष्काळाचं वर्ष होतं. बांगलादेशची लढाई होऊन वर्ष उलटलं होतं आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेची लाल ज्वारी येत होती. तिला सगळे मिलो म्हणायचे आणि नावं ठेवत ठेवत खायचे. अमेरिका म्हणजे मिलो आणि चीन म्हणजे बासष्टची लढाई, या दोन देशांविषयी आमच्या गावाला एवढीच माहिती होती, आणि तेवढी पुरेशी वाटायची. रिसोडच्या रस्त्यावरचं आमचं गाव. हायस्कूल नुकतंच झालेलं, भिंतींचा चुना अजून हाताला लागायचा.

मी शेतकऱ्याच्या घरची. जमीन बरी, घरात माणसं भरपूर, आणि शब्द एकट्या बाबांचा. सातवीच्या पुढे आमच्या घरातली एकही पोरगी गेली नव्हती. मी गेले ते चुलतभावाच्या आडोशानं. तो माझ्याच वर्गात होता, पुढे तो चालायचा आणि मागे मी. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, गावात तुझ्याबद्दल कोणी एक शब्द बोललं की शाळा बंद. मला मॅट्रिक व्हायचं होतं. पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं, पण मॅट्रिक झालेल्या पोरीचं लग्न ठरवताना निदान तिला विचारतात, असं माझ्या मनानं घेतलं होतं. म्हणून मी खाली मान घालून जायचे, खाली मान घालून यायचे. हसायचं असलं तर वर्गाच्या कोपऱ्यात हसून घ्यायचे. आपण आपल्याच अंगात कोंडलेले आहोत असं वाटायचं, आणि राग यायचा. पण राग दाखवला तर तोही एक शब्दच झाला असता.

आमचे ड्रॉइंगचे सर अकोल्याकडचे. अंगानं बारीक आणि डोक्यात सदैव काहीतरी शिजत असलेले. दरवर्षी गॅदरिंगला मुलींचे दोन कार्यक्रम व्हायचे. गावातल्या पोरींची लेझीम, आणि बौद्धपुऱ्यातल्या पोरींचं बुद्धाच्या जीवनावरचं नृत्य. एक सुरू झाला की दुसऱ्या बाजूची माणसं चहाला उठायची. सरांना ते खुपायचं. दोन्हींकडच्या पोरींचा मिळून एकच कार्यक्रम बसवायचा त्यांचा विचार होता, पण तसं उघड बोलले असते तर तो कार्यक्रम हेडमास्तरांच्या टेबलावरच मेला असता. मग त्यांना रेडिओनं वाट दाखवली. वीसेक वर्षं एकमेकांशी न बोललेले चीन आणि अमेरिका टेबल टेनिस खेळून बोलायला लागले, अशी बातमी त्यांनी ऐकली होती.

"आपल्याकडे टेबल नाही, टेनिस नाही," सर वर्गात म्हणाले. "आपण नाच बसवू." मग जीभ चावून म्हणाले, "नाच नव्हे. कवायत. मैत्रीची कवायत."

हा शब्द फार महत्त्वाचा होता. आमच्याकडे नाचतात त्या तमाशातल्या बाया. लेझीम घरच्यांना चालायची, कारण ती कवायत. बाबांना सरांनी घरी येऊन हेच सांगितलं, देशांची कवायत आहे, भूगोलाचा विषय आहे. बाबांनी भूगोलाला हरकत घेतली नाही.

कोणी कोणता देश व्हायचं, हे कपड्यांनी ठरवलं. अमेरिकेला पॅन्ट लागणार होती. गावातल्या घरांत धोतरं होती, आणि जिथं पॅन्ट होती तिथल्या पोरींना ती कोणी घालू दिली नसती. बौद्धपुऱ्यात नोकरीवर असलेल्यांच्या घरी पॅन्ट होती आणि ते ती द्यायलाही तयार होते. म्हणून त्या पोरी अमेरिका झाल्या आणि आम्ही चीन. चीनच्या पुढे मी, कारण माझं पाऊल तालात पडायचं. अमेरिकेच्या पुढे एसटीतल्या एका कंडक्टरची मुलगी. उंच, काळीसावळी, बोलायला फटकळ. एका वर्गात असूनही तोवर आम्ही एकमेकींशी कधी बोललो नव्हतो. मला ती आवडायची असंही नाही. ती सरांना सरळ प्रश्न विचारायची, आणि मला वाटायचं, हिला भीती कशी वाटत नाही?

सरांची कवायत साधी होती. सुरुवातीला दोन्ही देश पाठीला पाठ लावून उभे. चीननं लहान लहान पावलं टाकायची, हात बाह्यांत लपवून. अमेरिकेनं कमरेवर हात ठेवून लांब ढांगा टाकायच्या. मग दोघांनी एकमेकांकडे बघायचं आणि एकमेकांची चाल शिकायची. शेवटी ती लहान पावलं टाकणार आणि मी ढांगा.

मला ढांगा टाकताच येईनात. चौदा वर्षांत मी तसं पाऊल टाकलं नव्हतं. घरात पावलांचा आवाज आला की माय ओरडायची. पहिल्या दिवशी मी ढांग टाकली आणि तोल जाऊन तिच्याच अंगावर पडले.

"पाय आपलाच हाय ना वं?" ती म्हणाली. "मंग भेतं कायले? टाक ना समोर."

टाकला. दुसऱ्या आठवड्यात जमायला लागलं. शाळेच्या मागच्या मैदानात, भाऊ कबड्डी खेळायला गेलेला असताना, मी या टोकापासून त्या टोकापर्यंत ढांगा टाकत जायचे आणि ती मागून ओरडायची, "अजून लंबी, अजून!" तेवढा एक तास मला श्वास पुरायचा. घंटा झाली की मी पुन्हा भावाच्या मागे, खाली मान घालून.

कपडे सरांनी स्वतः केले. चिनी लोक पिवळे, असं पुस्तकात लिहिलेलं, म्हणून त्यांनी जुनी धोतरं हळदीत रंगवली आणि त्यांचे झगे शिवून घेतले, बाह्या हाताच्याही खाली लोंबणाऱ्या. डोक्यावर उपडी टोपली, डोळ्यांना कानापर्यंत काजळ. अमेरिकेला पॅन्ट, शर्ट आणि गळ्यात लांब पांढरा मफलर. शेवटी माझी बाही आणि तिचा मफलर यांची गाठ मारायची, ती मैत्री. आणि दोन्हींकडच्या पोरींनी एकमेकींवर आपल्या देशाचं धान्य उधळायचं. चीनचा तांदूळ परवडणारा नव्हता, म्हणून दोन्ही देशांना मिलोच दिला. गाठ सोडगाठच मारा, लगेच सुटली पाहिजे, असं सरांनी तिला बजावलं.

"सुटून जाईन त मैत्री कायची?" ती मला हळूच म्हणाली.

तालमीत आम्ही बहुतेक सगळं केलं होतं, पण वेगवेगळ्या दिवशी. हळदीचा झगा एका दिवशी, गाठ दुसऱ्या दिवशी, मिलो तर ऐन कार्यक्रमातच. सगळं एकत्र कसं दिसेल हे सरांच्या डोक्यात आलंच नाही. आमच्याही नाही. अभ्यासू माणसाला समोरचं दिसत नाही म्हणतात, पण आम्ही तर अभ्यासूही नव्हतो.

गॅदरिंग दुपारी होतं. टेबलं जोडून मंच केलेला, बाजूला वाजंत्री. गावची माणसं खुर्च्यांकडे, बौद्धपुरा लिंबाखाली. या खेपेला कोणीही चहाला उठलं नाही, कारण दोन्हींच्या पोरी वर होत्या. कार्यक्रम छान चालला होता. मी ढांगा टाकत मंचाच्या या कडेपासून त्या कडेला गेले तेव्हा लिंबाखालून टाळ्या आल्या आणि खुर्च्यांकडूनही आल्या. मला बाबा दिसले. तेही टाळ्या वाजवत होते. तसा आनंद मला त्यानंतर क्वचितच झाला.

मग तिनं माझी बाही धरली आणि मफलरला गाठ मारली. दोन्हींकडून लाल मिलो आमच्या डोक्यांवर पडला.

आमच्याकडे लग्नात तांदूळ कोण उधळणार? अक्षता ज्वारीच्याच, रंगवून लाल केलेल्या. हळदीचं वस्त्र नेसलेली, काजळ घातलेली मी, पॅन्ट-शर्टातली ती, मध्ये गाठ, आणि वरून लाल ज्वारी. बायकांतून एका म्हातारीनं सवयीनं लांबलचक "सावधाऽन" म्हटलं. वाजंत्र्यांना ती खूण आयुष्यभराची. त्यांनी ताशा बडवला आणि लग्नाची धून धरली.

आधी सगळे हसले. खुर्च्याही हसल्या, लिंबही हसला. मग खुर्च्यांकडचं हसू एकेक करत बंद झालं. कुणाच्या घरची पोरगी आणि कुणाच्या घरची, हे एकेकाच्या ध्यानात येत गेलं. वाजंत्री तेवढे वाजवत राहिले. मी गाठ सोडायला गेले तर ती सुटेना. तिनं निरगाठ मारली होती. आम्ही दोघी ओढत होतो, ती तिच्याकडे आणि मी माझ्याकडे, आणि जितकं ओढावं तितकी गाठ घट्ट होत होती. पळून जावं तर दोघींनी एकाच बाजूला पळायला हवं होतं, आणि आमची घरं दोन बाजूंना होती. शेवटी बाबा मंचावर चढले. त्यांनी माझी बाही खांद्यापासून टराटरा फाडली आणि मला खाली उतरवलं. ती बाही तिच्या मफलरला तशीच लोंबत राहिली.

बाबा रागावले नाहीत. ते कधी ओरडत नसत, आणि हीच आमच्या घरातली अडचण होती. ओरडणारा माणूस थकतो तरी. दुसऱ्या दिवशी मी दप्तर भरलं तर माय म्हणाली, "ठेव थे. तुह्या बाबानं नाई म्हटलं."

गावात बोलणं सुरू झालंच होतं. काहींनी बौद्धपुऱ्यातल्या बायांना कामावर बोलावणं थांबवलं, असंही कानावर आलं. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर आणि ड्रॉइंगचे सर घरी आले. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. हेडमास्तर फार गोड बोलायचे.

"तुमच्या पोरीचा यात काही दोष नाही," ते बाबांना म्हणाले. "सरांनी सोडगाठ सांगितली होती. त्या कंडक्टरच्या पोरीनं मुद्दाम निरगाठ मारली असेल, तर आम्ही तिचं नाव काढून टाकतो. मग गावाचंही समाधान होईल. तुमची पोरगी उद्यापासून येऊ द्या."

सर आपल्या चपलांकडे बघत बसले. बाबांनी मला बाहेर बोलावलं.

"गाठ कोनं मारली?"

उत्तर तयारच होतं. त्यांनी ते माझ्या हातात आणून ठेवलं होतं, मला फक्त उच्चारायचं होतं. ते खरंही होतं. ‘तिनं’ एवढी दोन अक्षरं बोलले की मॅट्रिक माझं, आणि नाव जाणार तिचं. न बोलले तर दार बंद. मी थोर मनानं बोलले असं कोणी समजू नये. मला राग आला, एवढंच. जन्मात पहिल्यांदा मला कोणी काही विचारत होतं, आणि तेसुद्धा त्यांना हवं तेच वदवून घ्यायला.

"म्या मारली," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं असावं, पण ते हेडमास्तरांना म्हणाले, "मंग काढून टाका हिचंच नाव." हेडमास्तरांना सुटल्यासारखं झालं. शाळेतून कोणाचं तरी नाव जाणं गरजेचं होतं, ते गेलं. कामावरचं बोलावणंही पुढच्या आठवड्यात सुरू झालं.

त्यानंतर मी घरात होते. चूल, गोठा, परसदार, विहीर. सकाळी भाऊ एकटा शाळेत जायचा आणि मी त्याच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकायचे. एकदा गोठ्यात कोणी नाही असं बघून मी ढांगा टाकल्या. तीन ढांगांत भिंत आली. मी तिथंच कडब्यावर बसून पोटभर रडले. मग मनाची समजूत घातली, की आपण कोणाला तरी वाचवलं. आपण इथं अडकलो म्हणून ती तिथं बसली आहे बाकावर. या समजुतीवर मी महिनाभर काढला. ती समजूत मला भाकरीइतकी लागायची.

मग एके सकाळी ती आली. परसदाराच्या बाहेर, कुंपणापलीकडे, दप्तर घेऊन उभी राहिली. आत ये असं मी म्हणू शकत नव्हते, आणि तीही येणार नव्हती. मला वाटलं, आता ही रडेल, काहीतरी चांगलं बोलेल. मी हात पुसून पुढे गेले.

"सरानं सांगतलं मले," ती म्हणाली. तिचा चेहरा रागानं तापला होता. "तू खोटं काहून बोलली वं?"

"तुले काढून टाकत होते."

"काढू द्या लागत होतं! मले काढलं असतं त माह्या बापानं दुसऱ्या दिवशी मले वाशीमच्या शाळेत घातलं असतं. माही मावशी राह्यते तिथं. नाई त अकोल्याले, होस्टेलात. शाळेपायी माहा बाप घर इकन." तिला धाप लागली होती. "आन तू? तुले कोन कुठं घालते?"

पुसलेले हात मी पुन्हा पुसले. मग शाळेची घंटा झाली, आणि तिला जावं लागलं.