चिमाबाईची टाच आणि समुद्राची साल

आमच्या शेजारची तेजल समुद्राचा तळ शिकते. सुदुंबऱ्याच्या आसपास पोरी तळेगावच्या कंपनीत जातात; ही गेली हिंदी महासागरात. मी तिला समुद्रबाई म्हणतो, ती मला रिकामटेकडे काका. दोन्ही खरं आहे.

गेल्या पावसाळ्यात ती गोव्याहून एक काळा गोटा घेऊन आली. बटाट्याएवढा, खरबरीत. असले गोटे समुद्राच्या तळाशी वाढतात म्हणे, दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर. पाणी बदललं, प्रवाह बदलले, की थर बदलतो. तेजलला हवी होती पाण्याकडची सगळ्यात वरची साल, म्हणजे अलीकडचा काळ. सरांच्या किती मागं लागून गोटा मिळवलेला, दुसऱ्या दिवशी पुण्यात कापायचा. मधे एका मुक्कामाला घरी आली, तेवढंच चुकलं.

घरी तिकोणा पेठेची चिमाबाई आत्या आलेली. तिला लाडू बांधून द्यायचे, तर तेजलच्या आईला, झुंबरबाईला, झाकणाचा डबा सापडेना. माहेरवाशिणीला रिकाम्या हाती कोण पाठवतं? तेजल झोपलेली; कोनाड्यात एक डबा दिसला. त्यातला गोटा काढून तिनं न्हाणीत ठेवला, टाचा घासायच्या वजरीशेजारी.

सकाळी चिमाबाई न्हाणीतून कुरकुरत आली. "वैनी, तुमची वजरी लय वंगाळ. टाच काळी झाली की."

तेजल हातातला चहा तसाच टाकून धावली. आवाज ऐकून मीही आत शिरलो. गोट्याची पाण्याकडची बाजू घासून गेलेली. उरली ती चिखलात रुतलेली बाजू, तिच्या काही कामाची नाही. टाचेवरची काळी पूड टिपून घ्यायला तेजल कागद घेऊन आत्याच्या पायाशी बसली. पण टाचेच्या भेगांत साबण, भातलावणीचा चिखल आणि महासागर, सगळं एकच झालेलं.

मी म्हटलं, "आत्या, लाखभर वर्षं घासून काढलीत तुमी." कोणी हसलं नाही.

"आई, मला उठवायचं ना गं," तेजल म्हणाली. पुन्हा तेच म्हणाली. झुंबरबाईचं म्हणणं, दगडापायी पोरीची झोप कशाला मोडायची?

सरांना सांगायचं काय, आत्याची टाच? तेजल कागदाकडे बघत बसली. कुणावर ओरडावं तेही तिला कळेना.

चिमाबाई अजून पाय पुढं धरूनच होती.

"धुवू का गं आता?" तिनं हळूच विचारलं.

तेजलनं कागद चुरगाळला. "धू."